सोमलाचा खटला

आमच्या घरी हातमाग दोन आणि वाचता येणारी मी एकटी. बाप आणि काका धोटा चालवत, आणि मी दारातल्या उजेडात बसून, मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून मराठी साप्ताहिक वाचून दाखवत असे. त्यापायी सुताच्या कांड्या भरण्यातून सुटले होते, म्हणून तक्रार नव्हती.

त्या वर्षी नागपूरच्या कोर्टात एक खटला उभा राहिला. एका बाईला सासरच्यांनी दुधातून सोमलाचं विष घातलं, आणि पटकीच्या साथीत गेली असं सांगून त्याच दिवशी जाळून टाकलं. डॉक्टरची साक्ष छापून आली होती. उलट्या, जुलाब, पायात गोळे. पटकीतही हेच आणि सोमलातही हेच. इथं मी वाचायची थांबले.

"काहून थांबली वं?" बाप म्हणाला. "डॉक्टरचं पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. माझी मोठी बहीण, जिला मी बाई म्हणत असे, सहा महिन्यांपूर्वी उमरेडला सासरी पटकीनंच गेली होती. निरोप आला तो सगळं आटोपल्यावर, असं बापानं सांगितलं होतं. आणि आता तिच्याच नवऱ्याला मला द्यायचं चाललं होतं. आमच्यात रीतच तशी, बहिणीच्या जागी बहीण. जागा रिकामी कशी झाली, हे कोणी विचारत नव्हतं.

मग मीच घरातली पोलीस झाले. खटल्यातल्या नवऱ्यानं बायकोची लुगडी जाळली होती. भाऊजींनीही बहिणीची लुगडी, अंथरूण सगळं जाळलं होतं. तो रडला नव्हता, हेही रडले नव्हते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, पेपर वाचून पोरीचं डोकं फिरलं, पटकीच्या घरातलं सगळेच जाळतात. तेही पटलं, आणि संशयही गेला नाही. खरं सांगते, भीती मला माझी होती. बहिणीसाठी रडायला बसावं तर दुधाचा पेला डोळ्यांपुढे येई, आणि त्याला तोंड माझं लागलेलं असे.

बापाला मात्र त्या खटल्याचा कंटाळा येईना. अंक संपला तरी तो डॉक्टरची साक्ष पुन्हा वाचायला लावी, आणि दोन्ही सारखंच दिसतं ना, असं विचारी. यालाही जावयाचा संशय आला, या विचारानं मला धीर येई.

एके दुपारी भाऊजी लग्नाचं बोलायला आले. पाणी देता देता मी सगळ्यांसमोर विचारलं, "बाईले शेवटी काय खायले देलं होतं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "काहीच नाही. पाणीबी ठरत नोतं. मी दोन दिवस उशाशी बसून होतो. लहानीले बलवा, असंच म्हणून राहिली होती. दोनदा माणूस धाडला ना मी इकडे."

चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी त्यांच्या तोंडावर नजर लावून होते. तिथं काही दिसलं नाही. बापाचा माग मात्र थांबला होता. तो मान खाली घालून, न तुटलेला धागा सांधत बसला होता.

ते गेल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. माणूस दोन्ही वेळा आला होता, असं बापानं कबूल केलं.

"तिथं पटकी होती," तो म्हणाला. "तुले कसा धाडू? एक तर जाऊनच राहिली होती."

बाईच्या मरणात सोमलच निघावा, असं त्याला इतके दिवस वाटत होतं. म्हणजे पाप दुसऱ्या कोणाच्या माथी गेलं असतं. मला त्याचा भयंकर राग आला, आणि माझ्याचसाठी तो गप्प राहिला म्हणून रडूही आलं.

सोमल की पटकी, ते मला आजही सांगता येत नाही. पण त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं, लग्न ठरवा. त्या घरात निदान एक माणूस तिच्या उशाशी बसला होता.