नानासाहेबांचा हात

१९९८ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही — मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही.

आधीच सांगून टाकतो, मला नानासाहेब आवडत नव्हते. आजही आवडत नाहीत. माणूस वारला म्हणून आवडायला लागतो का?

नानासाहेब म्हणजे माझे व्याही. सुनेचे, मेधाचे वडील. ग्वाल्हेरला कॉलेजात शिकवायचे. मी चौथी शिकलेला, सरकारी गाडीचा ड्रायव्हर. पण सगळी नोकरी दिल्लीच्या रस्त्यांवर काढली आणि गाडीला ओरखडा येऊ दिला नाही. हा हात आहे माझा. फावल्या वेळात रेडिओ दुरुस्त करायचो, गणपतीत मंडळाचे कर्णेही मीच लावायचो.

अविनाशने, माझ्या मुलाने, दिल्लीतच, नव्या द्वारका वस्तीत फ्लॅट घेतला. नळाला पाणी नाही, रस्त्याला दिवे नाहीत, पण घरात म्युझिक सिस्टीम! कमरेएवढे दोन स्पीकर. माझा रेडिओ गेला माळ्यावर. मग मेधाची आई वारली आणि मेधा म्हणाली, बाबा आता इथेच राहतील. कुठे? माझ्या खोलीत. मला कुणी विचारलं? अविनाश म्हणाला, "पप्पा, एक पलंगच तर टाकायचाय. अ‍ॅडजस्ट करून घ्या ना."

घेतलं अ‍ॅडजस्ट करून. घोरणं, पुस्तकं, सगळं.

नानासाहेबांचा हात थरथरायचा. उजवा जास्त. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे — काठोकाठ भरलेला — आणि एक थेंब सांडायचा नाही. मी रोज बघायचो. खोटं कशाला बोलू, सांडायची वाट बघायचो.

एकदा सोसायटीचा सेक्रेटरी पाण्याच्या टँकरची नोटीस घेऊन आला. हिंदीतच होती. मी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं. मला वाचता येतं, वेळ लागतो एवढंच. नानासाहेब म्हणाले, "आणा इकडे, मी वाचून दाखवतो आपल्याला." सेक्रेटरी हसला. "अंकलजी, घर में प्रोफेसर बैठा है, ट्यूशन ले लो।" नानासाहेब हसले नाहीत. ते प्रेमानेच म्हणाले होते. पण त्या प्रेमाचं मी काय करायचं होतं?

तर त्यानंतरची गोष्ट.

दुपारी मुलं ऑफिसात असायची. नानासाहेब स्पीकरची जाळी काढून मऊ फडक्याने धूळ पुसायचे, मग हळू आवाजात गाण्याची कॅसेट लावायचे. त्या दिवशी पुसता पुसता डुलकी लागली. जाळी बाजूला ठेवलेली, फडकं मांडीवर. समोर स्पीकरचा तो द्रोणासारखा काळा कागदी कोन, उघडा.

मी अंगठा लावला. दाबला. कागद आधी नुसता आत जातो — तेव्हा थांबता येतं. मी थांबलो नाही. टप्प झालं. नानासाहेब जागे झाले नाहीत. मी जाळी होती तशी ठेवून खोलीत जाऊन पडलो.

संध्याकाळी मेधाने कॅसेट लावली तर एका स्पीकरमधून नुसतं फर्रफर्र. अविनाशने जाळी काढली. कुणी काही बोलायच्या आत नानासाहेबांनी आपल्या हाताकडे बघितलं. उजव्या.

"माझ्याकडूनच झालं असणार," ते म्हणाले. "पुसताना. मला कळलंसुद्धा नाही बघा."

आणि मी काय म्हणालो? "चलो, असू दे. वयात होतं असं." मी त्यांना माफ केलं! सगळ्यांसमोर.

वर म्हणालो, दुकानात न्यायची गरज नाही, मी घरीच करतो. तेवढ्यात वीज गेली, तेव्हा रोजच जायची. मी नानासाहेबांच्या हातात टॉर्च दिला. दुसरं कुणी नव्हतं का? होतं. मला तेच हवे होते.

पतंगाचा पातळ कागद घेतला. कापायचा नाही, हाताने फाडायचा, म्हणजे त्याची कड कोनात मिसळून जाते. डिंक पाण्यात सैल केला. मागून एक ठिगळ, पुढून एक. मधल्या टोपीला धक्का लागू द्यायचा नाही, नाहीतर आतली कॉइल घासते. माझं बोट जराही हललं नाही. कोनावरचा उजेड मात्र नाचत होता.

"उजेड हलतोय, नानासाहेब," मी म्हणालो. मेधा दारात उभी होती. तिला ऐकू जाईल असंच म्हणालो. त्यांनी टॉर्च दोन्ही हातांनी धरला.

डिंक वाळला, वर काळी शाई लावली, वीज आली. गाणं स्वच्छ वाजलं. नानासाहेबांचे डोळे भरले. "आपला हात म्हणजे देणगी आहे हो," म्हणाले. मग मेधाकडे वळून, "बेटा, मी आपला ग्वाल्हेरलाच बरा. उद्या दुपारच्या गाडीने जातो. इथे राहून काहीतरी मोडत बसेन."

मेधाने माझ्याकडे बघितलं. मी नुसतं 'राहा' म्हणालो असतो तरी ते राहिले असते. मी ठिगळावरच्या शाईवर फुंकर घालत बसलो.

ते या घरी परत राहायला आले नाहीत. पुढे नातू झाला तेव्हा बघायला आले. मेधा बाळ त्यांच्या मांडीवर द्यायला गेली तर मागे सरकले. "नको, माझ्या हाताचा भरवसा नाही." मी तिथेच बसलो होतो. बाळ मी घेतलं.

स्पीकर पुढे बरीच वर्षं वाजला. ठिगळ कुठे आहे ते मलाच बोट ठेवून दाखवावं लागायचं.

एक सांगायचं राहिलं. ते दुपारच्या गाडीने जाणार होते त्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. एरवी कधी जात नसे. सगळ्यांसाठी चहा केला. तिघांचे कप काठोकाठ भरले आणि मेधाच्या देखत नानासाहेबांचा अर्धाच भरला.