होडी लागेपर्यंत

इरफानभाई चहा बशीत ओतून पीत. ऑफिसात आले की चपला टेबलाखाली सारत आणि दिवसभर अनवाणी वावरत. भिंतीवरच्या दोन घड्याळांपैकी एक मस्कतचं, दुसरं टांझानियाचं, तासभर मागे. दर रविवारी स्टुलावर चढून दोन्ही जुळवत. ‘सिंह नक्की दिसेल’ असं गिऱ्हाइकाला कधी सांगत नसत. आणि सफारीला पाठवलेल्या माणसांचा संध्याकाळचा फोन येईपर्यंत जेवत नसत.

ही शेवटची सवय हर्णैची. वडिलांची होडी बंदराला लागेपर्यंत घरात कुणी ताट वाढून घेत नसे. मस्कतमधल्या अझैब्याच्या या ट्रॅव्हल ऑफिसात बावीस वर्षं झाली, तरी ती सुटली नव्हती. शेजारच्या टेबलावर तिकिटं काढणारा चिपळूणचा कौशिक त्यांना चिडवायचा. पाहुणे तिकडे बुफेवर ताव मारतायत आणि तुम्ही इकडे रोजा धरून बसलाय, म्हणायचा.

“तुज्या पोटात कशाला दुखतंय?” इरफानभाई विचारत.

त्यांनी स्वतः रानातला सिंह पाहिला नव्हता. पण आफ्रिकेचा मोठा नकाशा त्यांच्या पाठीमागे होता. ज्याला जिथे सिंह दिसला, तिथे ते टाचणी टोचत. टाचणीला चिठ्ठी, तिच्यावर नाव, किती सिंह, तारीख. सिंह कुठे बघायचे असं कुणी विचारलं की त्यांचं बोट फिरे. सेरेंगेटीत सेरोनेराचं खोरं, तिथे कोरड्या दिवसांतही पाणी असतं. न्गोरोंगोरोचं विवर, तिथे सावज भरपूर. आणि गाड्यांची गर्दी नको असेल तर टांझानियाच्याच दक्षिणेकडचं रुआहाचं रान. नदी आटली की सावज पाण्याशी येतं, त्याच्यामागून सिंह.

मस्कतमध्येच बौशरला राहणाऱ्या प्रेमा नावाच्या गिऱ्हाइकाला सेरोनेराच हवं होतं. रुआहाचा आग्रह इरफानभाईंनी धरला. ती सात वर्षांच्या लेकीला, इराला, घेऊन तिकडे गेली.

गुरुवारी साडेसातला फोन आला नाही.

इरफानभाईंनी डबा उघडला, झाकला. कॅम्पवर फोन लावला. गाडी अजून परतली नव्हती, वायरलेसलाही उत्तर नव्हतं. आठ वाजले. तिकडे एव्हाना अंधार झाला असणार. प्रेमाचा नवरा ओमानमध्येच दुक्मला नोकरीला होता, त्याचा फोन आला. तो ओरडत नव्हता. फक्त विचारत होता, रुआहा का सुचवलंत?

इरफानभाईंनी त्याला काय उत्तर दिलं ते कौशिकला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर कौशिकने त्यांना दोन घास खायला सांगितलं.

“होडी लागूं दे.”

त्यांच्या कपाळावर घाम होता. हात थरथरत होते. काळजीने, असं कौशिकला वाटलं. त्याने एसी वाढवला. रोज सव्वासातला ते आतल्या खोलीत जाऊन इन्सुलिन टोचून घेतात, फोन साडेसातला येतो, मग जेवतात; हे त्याला ठाऊक होतं. त्या वेळी आठवलं नाही.

आठ वीसला फोन वाजला. इरफानभाईंनी स्पीकर लावला. आधी प्रेमाचा रडका, हसरा आवाज. मग इरा, तिच्या अडखळत्या मराठीत.

“अंकल, लायन्स रोडवर झोपले होते. गाडी हललीच नाही. एक तर आमच्या टायरला टेकून बसला.”

“किती होते गं?”

“इलेव्हन. मी दोनदा मोजले.”

इरफानभाईंनी डोळे मिटले. कौशिकला दुक्मला कळवायला सांगितलं. स्वतः चिठ्ठी ओढली, वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, टाचणी उचलली आणि नकाशाकडे वळले. डबा तसाच होता. कौशिक दुक्मचा नंबर लावत होता, तेव्हा मागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला.

साखर फार उतरली होती, हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले. हृदय आधीच दमलेलं. शुक्रवारी सकाळी गेले. त्यांच्या बायकोने, रुबिनाभाभींनी, कौशिकला एकच विचारलं, जेवले होते का?

रविवारी त्याने ऑफिस उघडलं. टेबलाखाली चपला होत्या. टांझानियाचं घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं होतं. चिठ्ठी खुर्चीच्या पायाशी सापडली. टाचणी तिच्यात अडकवलेली.

इरा. रुआहा. अकरा.

तारीख लिहायची राहिली होती.