कोरडी गाठ

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी टेंपररी फिटर होतो, तिथं एक परदेशी इंजिनिअर मशीन बसवायला आला होता. जाताना तो आपली मासे धरायची काठी आमच्या साहेबांना भेट देऊन गेला. त्यानं बसवलेलं मशीन दोन महिन्यांत बसलं, काठी मात्र पुढं कितीतरी वर्षं चालली.

काठीबरोबर पिसांच्या बनावट माश्यांची एक डबी होती आणि डझनभर लीडर होते. लीडर म्हणजे दोरी आणि माशी यांच्या मधला तंगूस, नायलॉनचा पारदर्शक धागा. दोरीकडच्या बाजूला जाड आणि माशीकडं निमुळता होत होत केसाएवढा. युनियनच्या लीडरला भेट न देणारे साहेब या लीडरांना मात्र जिवापाड जपत. गळाला गांडूळ लावून बसणं हे त्यांच्या मते अडाण्याचं काम. पिसाची माशी पाण्यावर फेकायची आणि ती खरी आहे हे माशाला पटवून द्यायचं, याला म्हणे बुद्धी लागते. दर रविवारी गंगापूर धरणाच्या काठावर ते अर्धा दिवस माशांना पटवत. मासे बहुधा अडाणी असावेत. एखादा पटलाच तर तो ड्रायव्हरच्या घरी जाई, कारण साहेबांच्या घरात मासा शिजत नसे.

अडचण अशी की माशी बदलली की दर वेळी लीडरचं बोटभर टोक कापलं जाई. असं करता करता बारीक भाग संपे आणि नुसता जाड उरे. त्या इंजिनिअरच्या देशात असा लीडर फेकून देतात. आमचे साहेब आगपेटीतल्या जळक्या काड्याही जपून ठेवणारे, ते कुठले फेकतात! आणि नवीन आणायचा तर नाशकात काय, मुंबईतही कुणी नाव ऐकलेलं नव्हतं. माझे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात खलाशी, म्हणजे हेल्पर होते आणि सुट्टीच्या दिवशी गोदावरीत गळ टाकून बसत, ही बातमी कुणीतरी साहेबांच्या कानावर घातली. मला बंगल्यावर बोलावणं आलं.

मला त्या वेळी एकच ध्यास होता, पर्मनंट होणं. दर सहा महिन्यांनी ब्रेक मिळायचा आणि मग गेटवर पुन्हा नव्यानं हात जोडायचे. वडील पुढच्या वर्षी रिटायर होणार होते आणि क्वार्टर सोडावं लागणार होतं. पर्मनंटच्या यादीवर सही साहेबांची. त्यामुळं त्यांनी तंगुसाऐवजी चपलेचा अंगठा शिवायला सांगितला असता तरी मी शिवला असता.

बंगल्यावर पहिल्याच दिवशी साहेबांनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं. आम्ही बौद्ध आहोत हे लक्षात आल्यावर, "आम्ही असलं काही मानत नाही बरं का," असं मी न विचारताच त्यांनी सांगून टाकलं. मानत नसल्यामुळं माझा कप व्हरांड्याच्या खिडकीत वेगळा असायचा आणि बाईसाहेब त्यात चहा वरून ओतायच्या.

काम अवघड नव्हतं. लीडरचा जाड भाग काही झिजत नाही, तो तसाच ठेवायचा. भद्रकालीतल्या दुकानातून दोन जाडीचा तंगूस आणायचा आणि आधी मध्यम, मग बारीक असे हात-हातभर तुकडे त्याला जोडायचे. माशी बदलून बदलून टोक आखूड झालं की फक्त शेवटचा तुकडा बदलायचा. वळ्या पडल्या असतील तर सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यातून हळूहळू ओढायचा, जोरात ओढला तर तापून कमजोर होतो. उन्हात ठेवायचा नाही, पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा. सगळी मदार गाठीवर. वडिलांनी मला सात-आठ वर्षांचा असताना शिकवलं होतं, "थुंकी लाव आधी, मंग ओढ. कोरडी गाठ आतल्या आत जळती. वरून दिसत नाय, पण मोठा मासा लागला की दगा देती."

तशा थुंकी लावून बांधलेल्या गाठींवर साहेबांचा एक लीडर वर्षभर चालला. त्यांना त्याचा इतका अभिमान वाटू लागला की कारखान्यात आयात मालाला देशी पर्याय शोधण्याची मोहीम निघाली, तेव्हा त्यांनी भाषणात लीडरचाच दाखला दिला. "मी स्वतः विकसित केला," म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, टेंपररी माणसानं जरा जास्तच वाजवायच्या असतात.

गाठ बसली की उरलेलं टोक साहेब स्वतः तोडत, आणि तेही दातांनी. परदेशी पाहुणा तसं करायचा म्हणे. घरात कात्री असून ते लीडर तोंडाशी नेत, कचकन तोडत आणि तुकडा ऐटीत थुंकून टाकत. आतापर्यंत मी गाठी घरी बांधून आणायचो. एका शनिवारी त्यांना घाई होती म्हणून व्हरांड्यातच बांधायला बसलो. गाठ घातली, सवयीनं तोंडात धरली, ओली केली आणि ओढली.

साहेब बघत होते. "हे असं... दर वेळी?"

"हो साहेब. त्याशिवाय टिकत नाही."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. वर्षभरात किती टोकं तोडली याची मनातल्या मनात उजळणी चालली असावी. ते उठले, आत गेले आणि बराच वेळ मोरीतून चुळा भरल्याचा आवाज येत राहिला. बाहेर येऊन म्हणाले, "यापुढं उष्टं-बिष्टं चालायचं नाही. कोरडीच बांध."

"साहेब, कोरडी गाठ जळते."

"सांगतो तेवढं कर."

वास्तविक पाण्यानंही भागतं. गाठ ओली झाल्याशी मतलब, वाटीभर पाणी ठेवलं की झालं. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मी सांगितलं नाही. फार राग आला होता आणि नोकरीपायी तो दाखवता येत नव्हता. मी मुकाट्यानं सगळ्या गाठी कोरड्या बांधल्या, कडक ओढल्या आणि वर साहेबांच्या कात्रीनं टोकंही कापून दिली.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून कंपनीचे डायरेक्टर आले होते. साहेब त्यांना धरणावर घेऊन गेले आणि सामान उचलायला मला. "संपूर्ण देशी बनावट," असं म्हणून साहेबांनी लीडर दाखवला. आणि ज्या दिवशी नको होतं नेमकं त्याच दिवशी मासा पटला. चांगली दंडाएवढी मरळ. काठी कमानीसारखी वाकली, डायरेक्टर उभे राहून ओरडायला लागले, आणि पट्‌कन आवाज होऊन साहेब मागच्या मागं बुडावर बसले. लीडर गाठीत तुटला होता आणि त्याचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलं होतं. "देशी बनावट," डायरेक्टर म्हणाले आणि पोट धरून हसले. मी काठी गोळा करताना खाली मान घातली होती, कारण मलाही हसू आवरत नव्हतं.

हसू संध्याकाळपर्यंत टिकलं. मग आठवलं, पर्मनंटची यादी त्याच आठवड्यात जाणार होती.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. टेबलावर पावडरचा डबा होता. डब्याकडं बघतच ते म्हणाले, "पूर्वीसारखंच बांधत जा. फक्त माझ्यासमोर नको. घरून बांधून आणायचं, आणि कसं बांधलं ते मला सांगायचं नाही."

सांगायला माझ्याकडं खूप होतं. पाण्याची वाटी सांगता आली असती. "साहेब, मग तुमचीच लावा की," असंही म्हणता आलं असतं, ते वाक्य अगदी ओठावर होतं. डब्याशेजारी यादी पडली होती. "बरं साहेब," म्हणालो आणि डबा उचलला. पुढच्या शनिवारी मी लीडर नेऊन दिला, तेव्हा त्यांनी माझ्यादेखत त्याचं टोक दातांनी तोडलं. दोघांनाही सगळं माहीत होतं.

यादीत माझं नाव होतं. त्या संध्याकाळी आईनं कॉलनीत पेढे वाटले. वडिलांनी पर्मनंटचं पत्र दोनदा वाचून घेतलं, मग मला जवळ बसवून विचारलं, "एवढ्या टेंपररीतून तुझाच नंबर कसा लागला रं?"

"साहेब माझ्या कामावर खूश आहेत," मी म्हणालो.

वडिलांचे डोळे भरून आले. "बघ," ते म्हणाले, "हातात कसब आसलं का कोनी जात इचारत नाय."

मी "हो" म्हणालो.