सगळ्यात जाड सिगार

२०२३ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो. लेकीकडे अबू धाबीला असताना क्युबन सिगार ओढून बघायची हौस आली. दुकानदार केरळचा. प्रत्येक सिगार बाळाचा गाल चाचपावा तशी हलकेच दाबून बघायचा.

"चाचा, नये हो तो ये छोटीवाली लो."

"पचास साल बीडी पिया है. सबसे मोटा दो."

तिथेच बसून पेटवली आणि बिडीसारखा धूर छातीत ओढला. दुकान गरगर फिरलं. चक्कर उतरावी म्हणून त्याने साखरेची पुडी फोडून माझ्या हातावर ओतली.

"धुआँ मुँह में घुमाने का, चाचा. अंदर नहीं लेने का."

"धूप से हुआ," मी म्हणालो. आत एसी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच जाऊन छोटी मागितली. जावयासाठी, असं सांगितलं. त्याने सोबत साखरेची पुडी ठेवली. मी ती गुपचूप खिशात टाकली.