वाचनालयाचं कार्ड माझ्या नावावर

वाचनालयाचं कार्ड माझ्या नावावर आहे, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन मालवणात आले त्याच वर्षी मी ते काढलं. माझे वडील शिक्षक, माहेरी पुस्तकांची कपाटं. सासरी वाचायला काय, तर भिंतीवरचं कॅलेंडर. मग दुपारची जेवणं आटोपली की मी साडी बदलून बाजारपेठेतल्या वाचनालयात जायची आणि एक कादंबरी, एक मासिक घेऊन यायची. दिवाळी अंक आले की पहिला माझ्या हातात. शेजारणी म्हणायच्या, "हिका वाचूचा याड आसा." मला ते कौतुकच वाटायचं. अठरा वर्षं ते कार्ड मी एकटीने वापरलं. आणि मग ते माझ्या धाकट्या जावेच्या हाती लागलं.

ही माझ्या दिराची बायको. अकरा वर्षांपूर्वी आमच्या घरात आली. माहेर वैभववाडीकडचं, भातशेती आणि काजू, शिक्षण बारावीपर्यंत. आल्याच्या आठवड्यात तिने मला विचारलं, "वयनी, हय सरकारी दवाखानो खंय आसा?" मला वाटलं, बरं वाटत नसेल बिचारीला. छे! तिला काही झालेलं नव्हतं. तिला फक्त कुठे काय मिळतं ते माहीत करून घ्यायचं होतं. महिन्याभरात ती दवाखाना, पोस्ट, शेतकी ऑफिस, नगरपालिका सगळीकडे फिरून आली. शेतकी ऑफिसातून काजूची कलमं आणून परसात लावली. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मी त्यांना खाजगी डॉक्टरकडे नेऊन नेऊन थकले होते. हिने दर मंगळवारी सरकारी दवाखान्यात नेऊन व्यायाम शिकवून घेतले आणि सासूबाई जिने चढायला लागल्या. वर गावभर सांगायला लागल्या की धाकट्या सुनेने पाय दिले.

आमच्या माहेरी सरकारी म्हणजे ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी, असं मानायचे. मी तिला तसं बोलूनही दाखवलं एकदा. ती म्हणाली, "आपलाच आसा मां वयनी? मगे वापरूचा नाय?"

तरी पहिली नऊ वर्षं वाचनालय तिच्यापासून वाचलं, कारण तिला कादंबऱ्यांत काडीचा रस नाही. तिथे तिला पाठवलं मीच. मला ताप होता, पुस्तकाची तारीख उलटत होती, म्हटलं, एवढं परत करून ये. पाच मिनिटांचं काम. बाई दोन तासांनी आली आणि माझ्या उशाशी बसून मला माझ्याच वाचनालयाची माहिती द्यायला लागली. वर माडीवर अभ्यासिका आहे. एक कॉम्प्युटर आहे, अर्धा तास बसू देतात. पेपरांच्या जुन्या फायली मागितल्या तर काढून देतात. आणि दाराजवळ सुतळीने बांधलेली मागणी वही आहे, तिच्यात पाहिजे त्या पुस्तकाचं नाव लिहायचं, ते मागवतात. मला यातलं काही माहीत नव्हतं. अठरा वर्षं मी समोरच्या कपाटात दिसेल ते उचलून घरी येत होते.

"आसा तुमका ठावक?" तिने विचारलं.

"नाही कसं?" मी म्हटलं आणि कूस बदलली.

खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. माझी मुलगी तेव्हा नुकतीच अकरावीला गेली होती, सायन्सला. आमच्या ह्यांनी घराच्या पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्यात. सीझनमध्ये सकाळी समुद्रात डुबक्या मारायला जाणारे पाचला उठून आरडाओरडा करतात, परत आले की गाणी लावतात. मुलगी कानात बोळे घालून बसायची आणि रडकुंडीला यायची. मी ह्यांच्यामागे लागले होते की एक खोली बंद ठेवा. त्याआधीच जाऊ मुलीला म्हणाली, "चल गो माज्यावांगडा," आणि तिला अभ्यासिकेत घेऊन गेली. झालं. त्या दिवसापासून दोघी रोज जेवून निघायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. जाऊ तिथे बसून करायची काय, तर पेपरांतल्या जाहिराती वाचायची, उपयोगाचं ते टिपून घ्यायची आणि मुलीला सोबत द्यायची.

पूर्वी माझी मुलगी निबंध मला दाखवायची. शब्दाचा अर्थ अडला की "आई!" अशी हाक यायची. आता काहीही झालं की, "थांब, काकीक विचारतंय." शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे भरायचा? काकीक विचारतंय. कॉलेजच्या प्रवेशाला कुठले दाखले लागतात? काकीक विचारतंय. एकदा मी तडकून म्हटलं, "अगो, ती बारावी शिकलेली, मी बीए आहे!" मुलगी शांतपणे म्हणाली, "तिका येना नाय ता ती सांगता. पण खंय गावतला ता तिका ठावक असता." आणि कुठे काय मिळेल ते काकीला ठाऊक असतं, हे तिने काकीसारखं हात हलवत म्हटलं. माझी मुलगी तिच्यासारखं हात हलवायला शिकली होती. मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले. अंगाची नुसती लाही झाली होती.

फिजिक्सचं कुठलंसं जाडं पुस्तक तिला हवं होतं. जावेने मागणी वहीत नाव लिहिलं, महिन्याभरात पुस्तक आलं. मुलगी ते छातीशी धरून घरी आली आणि आधी काकीच्या गळ्यात पडली. कार्ड कोणाचं? माझं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी तोंडाने म्हटलं, "बरं झालं हो," आणि मनातून म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलगी बारावीला गेली. परीक्षेला दोन महिने राहिले होते, तेव्हाची गोष्ट. मी पुस्तक बदलायला गेले होते. सहज माडी चढून वर गेले, म्हटलं मुलीला बघावं. अभ्यासिकेच्या दाराला काच आहे. आत दोघी एकाच बाकावर. मुलगी वहीत काहीतरी काढून जावेला समजावत होती, जावेला ते कळत नव्हतं, ती कपाळावर हात मारून घेत होती आणि मुलगी तोंडावर ओढणी दाबून हसत होती. खांदे हलेपर्यंत हसत होती. घरात माझ्यासमोर ती अशी हसली त्याला किती दिवस झाले, ते मला आठवेना. मी दार न ढकलताच खाली आले.

खाली ग्रंथपाल पुस्तकावर शिक्का मारता मारता म्हणाले, "तुमच्या जाऊबाई येऊ लागल्यापासून तुमच्या कार्डाचं सार्थक झालं बघा, ताई."

आता याला काय म्हणावं! माझी अठरा वर्षं काय फुकट गेली? नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. ग्रंथपाल पुस्तक ठेवायला आतल्या कपाटाकडे गेले आणि मी दाराशी आले. मागणी वहीच्या शेजारी तक्रार वही असते. मी ती उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'सभासद नसलेल्या व्यक्ती दुसऱ्याच्या कार्डावर अभ्यासिकेत बसतात. त्यामुळे सभासदांची गैरसोय होते. तरी योग्य ती दखल घ्यावी.' वहीवर छापलेलं होतं की सभासद क्रमांकाशिवाय तक्रार विचारात घेतली जाणार नाही. म्हणून नाव न घालता मी फक्त क्रमांक घातला. मला वाटलं, नाव नाही म्हणजे कोणाला कळणार नाही.

देवा रे, काय ही अक्कल! तिथे पुस्तक देताना, घेताना, तारीख वाढवताना आधी क्रमांकच विचारतात. ग्रंथपालांना माणसं क्रमांकानेच पाठ आहेत. आणि दोन वर्षं तो क्रमांक रोज सांगत होती माझी जाऊ. त्याहून मोठा मूर्खपणा म्हणजे, मी लिहिलं ते जावेला बाहेर काढायला. मुलगीही सभासद नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मुलगी म्हणजे मीच, असंच मी धरून चालले होते.

पुढच्या सोमवारी वाचनालयाच्या मंडळाची सभा झाली. मंगळवारी दोघी जेवून गेल्या त्या अर्ध्या तासात परत आल्या. काय झालं ते जावेनेच सासूबाईंना सांगितलं, मी आतून ऐकलं. ग्रंथपाल वही घेऊन दारात उभे होते. म्हणाले, "माझा नाइलाज आहे. यापुढे ज्याचं कार्ड त्यालाच वर बसता येईल. पण ताई, मला एक कळलं नाही. तक्रार तुम्ही रोज सांगता त्याच नंबराची आहे. तुम्हीच तुमची तक्रार केलीत?" आणि त्यांनी वही पुढे केली. मुलीने वाचली. अक्षर कोणाचं ते तिला सांगायची गरज नव्हती. त्याच अक्षरावरून मी तिला पाटीवर गिरवायला शिकवलंय.

मला वाटलं, आता घरात महाभारत होणार. मी उत्तरंही तयार ठेवली होती. पण जावेने नेहमीसारखा भात टाकला, मासे साफ केले, मला विचारलं, "वयनी, खोबरा किसू?" मुलगी नुसती नजर चुकवत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. पुढच्या खोलीत पुण्याचे कोणी उतरले होते, त्यांचा स्पीकर रात्रीपर्यंत चालू होता.

बुधवारी दोघी पुन्हा निघाल्या. कुठे, ते मला शेजारणीने सांगितलं. "गो, तुझा चेडू एसटी स्टँडार बसून अभ्यास करता! तुका ठावक आसा काय?" जावेचीच कल्पना असणार. म्हणाली असेल, थय पंखो आसा, नळ आसा, बाकडी आसत, कोण उठवणा नाय. बीए आईची मुलगी, मास्तरांची नात, तोंडवलीच्या गाडीच्या धुरात बसून केमिस्ट्री वाचत होती. ज्याला कोणी नाही त्याच्यासारखी. मी त्या दिवशी जेवले नाही.

चार दिवसांनी मी स्वयंपाकघरात एकटी असताना जाऊ आली. हातात वाचनालयाचे दोन अर्ज होते. वरचा तिचा स्वतःचा. खाली एक ओळ छापलेली होती : 'सदर व्यक्तीस मी व्यक्तिशः ओळखतो/ओळखते. किती वर्षांपासून?' आणि त्याखाली ओळख देणाऱ्या सभासदाची सही.

"वयनी, सही होयी तुमची."

"माझी? एवढं झाल्यावर?"

"भायरच्या कोणाची घेतलंय असतंय. पण मगे लोक विचारतले, घरात सभासद असताना भायरची कित्याक? तुमच्याबद्दल बोलतले. ता नको."

भांडली असती तर मी तिला पुरून उरले असते. पण हे असं चांगलं वागणं, याने माझा अधिकच जळफळाट झाला. मी पेन घेतलं, कोऱ्या जागेत 'अकरा' लिहिलं, सही केली, क्रमांक घातला. मग खालचा अर्ज ओढला. तो माझ्या मुलीचा होता.

"याच्यावर पण करते," मी म्हटलं.

जावेने अर्जावर हात ठेवला. "ह्येच्यार नको, वयनी. माजो नंबर इलो काय मी करतलंय. चेडू तसा म्हणता."

"तुझा नंबर यायला पंधरा दिवस लागतील! तोपर्यंत स्टँडवर बसणार ती? परीक्षा तोंडावर आली. माझी सही आत्ता चालते, आणि विद्यार्थ्यांना सही झाली की लगेच बसू देतात, अर्जावरच लिहिलंय. उद्या वर बसेल!"

"मी सांगलंय तिका. बसतलंय म्हणाली."

म्हणजे आईच्या सहीपेक्षा तिला पंधरा दिवसांचा एसटी स्टँड चालणार होता. मी अर्ज पुन्हा पाहिला. 'किती वर्षांपासून?' याच्यापुढे मुलीने आधीच, तिच्या गोल अक्षरात, 'अकरा' लिहून ठेवलं होतं.

"सतरा पाहिजे तिथे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"सतरा तुमची, वयनी," जाऊ म्हणाली. "माजी अकराच."

मला बरं वाटावं म्हणून ती ते म्हणाली, एवढं मला कळतं. पण ती अकरासुद्धा मला तिला द्यायची नव्हती.