काविळीची माळ

"डोळं तर पांढरंशिपट हाईत पोरीचं. हिला कसली कावीळ?"

निमगाव केतकीत काविळीची माळ देतात त्या ओसरीवर माझ्या मागे बसलेली बाई शेजारणीला म्हणाली. आवाज हळू करायची तसदी तिने घेतली नाही. आईने ऐकलं आणि माझी ओढणी उगाच सारखी केली.

बाईचं बरोबर होतं. मला कावीळ नव्हती. बारामतीला कॉलेजच्या शिबिरात मी रक्त दिलं होतं, काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, हिपॅटायटिस बी. आमच्या घरी, लासुर्ण्यात, त्याला एकच शब्द होता, कावीळ. आणि कावीळ म्हटली की माळ.

माळ देणाऱ्या म्हाताऱ्या आबांनी कसल्याशा मुळीचे तुकडे सैल गाठींनी दोऱ्यात बांधले आणि ते आखूड कडं माझ्या डोक्यावर ठेवलं. "उतरंल तशी लांबत जाती. पायापतुर आली की वाहत्या पाण्यात सोडा. तेल न्हाय, हळद न्हाय."

मी मान हलवली. मला काहीच वाटत नव्हतं. फोन आला तेव्हाही वाटलं नव्हतं.

बारामतीच्या डॉक्टरांनी आईसमोरच विचारलं होतं, "लग्न झालंय? टॅटू? कधी रक्त चढवलंय?" तिन्हींना मी नाही म्हणाले. मग ते माझ्याशी इंग्रजीत बोलले: आईची तपासणी आधी करून घे, हे बहुतेक जन्मापासूनचं आहे. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणालं गं?"

"सहा महिन्यांनी परत या म्हणाले."

आईच्या मनात अडकलेला प्रश्न एकच, लग्नाचा. एसटीत तिने खिडकीबाहेर बघत विचारलं, "कुणी हाय का तुझं?" मी नाही म्हणाले. तिने पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माझं ताट आणि कप खिडकीच्या फळीवर वेगळे होते. एका कपातून चहा प्यायल्याने हा रोग लागत नाही, एवढंही मी सांगितलं नाही. आत्या येऊन म्हणाली, "इंग्रजी शाळा झाली, आता इंग्रजी रोग!" आणि स्वतःच हसली.

मी मोबाइलवर वाचत बसायचे. हा विषाणू यकृताच्या पेशीत भोक पाडून शिरत नाही. पित्तातले क्षार आत घ्यायला पेशीने जे दार ठेवलंय, त्यातूनच जातो. केंद्रकात आपल्या जनुकांचं छोटं कडं करून राहतो, आणि पेशी स्वतःचं काम समजून त्याच्या प्रती काढत राहते. पेशीला तो मारत नाही. नासधूस होते ती आपल्याच संरक्षक पेशी तिच्यावर चालून आल्या की. पण तो आईच्या रक्तातून बाळंतपणात आला, तर बाळाचं शरीर बहुतेक वेळा त्याला परका धरतच नाही. वर्षानुवर्षं काही दुखत नाही. मग कधीतरी ती शांतता मोडते आणि यकृत आतून घट्ट होत जातं, माणूस थकतो, पाय सुजतात.

आई हल्ली भांडी घासतानाही मध्येच बसायची. "ऊन बाधलं," म्हणायची.

डॉक्टर इंग्रजीत बोलले ते सांगितलं असतं तर माझ्यावरचा संशय गेला असता. पण तोच आत्या आईवर नेऊन ठेवेल, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी हळद नसलेलं वरण खात राहिले.

माळ रोज लांबत होती. वजनाने गाठी सुटत होत्या, मला दिसत होतं. नवव्या दिवशी ती पायांपर्यंत आली. "उतरली बघ!" आई म्हणाली. "आता त्या डॉक्टराकडं पाय ठिवायचा न्हाय." तिने फळीवरचा माझा कप काढला, त्यात स्वतःसाठी चहा ओतला आणि उभ्याउभ्या प्यायली.

मग आम्ही कालव्यावर गेलो. माळ थोडा वेळ गवताला अडकली, मग सुटून गेली. आईने हात जोडले आणि काठावर बसली. दम लागला होता तिला. पावलं सुजून चपलेच्या पट्ट्याबाहेर आली होती.

"चल, घरी," ती म्हणाली, पण उठली नाही.

मी तिच्याशेजारी बसले.

"आई, डॉक्टर इंग्रजीत तुझ्याबद्दल बोलले होते. हे मला बहुतेक जन्मताना तुझ्याकडून आलंय. तुझी चूक नाही. उद्या तुझं रक्त तपासायला जाऊ."