कट-ऑफच्या अलीकडची वकील

माझ्या मावसबहिणीइतका वकिलीला लायक जीव अख्ख्या भिलाईत दुसरा जन्मला नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. आणि नेमकी तीच वकील झाली नाही. वाद घातल्याशिवाय तिला अन्न पचत नसे. चौकातला गुपचुपवाला, म्हणजे आपला पाणीपुरीवाला, शेवटची सुकी पुरी आपखुशीनं देई, पण हिला ती तशी नको असे. "भैया, ये एहसान नहीं, ग्राहक का हक है," असं म्हणून ती भर रस्त्यात असा काही युक्तिवाद मांडी, की तो बिचारा हात जोडून आणखी एक पुरी देऊन मोकळा होई.

बारावीनंतर तिनं लॉची प्रवेश परीक्षा दिली. गुण बरे पडले, पण ज्या मोठ्या सरकारी लॉ कॉलेजवर तिचा जीव जडला होता, तिथं काही नंबर लागला नाही. दुसरीकडं जायचं नाही म्हणून ती हटून बसली, दुर्गच्या कॉलेजात बी.कॉम.ला नाव घातलं आणि तीच परीक्षा दरवर्षी द्यायचा चंग बांधला. दिवसभर कॉलेज, त्यात हजेरीची सक्ती, आणि उरल्यासुरल्या वेळात गुण वाढवायचे. अकाउंट्सच्या तासाला समोर ताळेबंद आणि डोकं राज्यघटनेत. पुढं पुढं तर ती घरातही चार पर्यायांत बोलू लागली. "आई, आज भाजी काय? वांगं, भोपळा, दोन्ही, की यापैकी नाही?" मावशी पोळी लाटता लाटता म्हणे, "यापैकी नाई म्हनशील तर उपाशी झोप."

मावसाजी, म्हणजे तिचे वडील, स्टील प्लांटमध्ये भट्टीवर होते. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा त्यांचा धर्म. रिलीव्हर न आल्यानं ते कैकदा डबल ड्यूटी करून घरी येत, आणि वर कुरकूर नाही. हे बाळकडू पोरीलाही मिळालं होतं. पेपरात एखादा प्रश्न अडला की ती तिथंच ठाण मांडून बसे आणि शेवटची पानं तशीच राहत. मी म्हणायचो, "अगं, अडलं तर पुढं जावं." त्यावर उत्तर तयार. "दादा, तू मले भागाले कावून शिकवून राहिला? अपने घर में छोड़ के कोई नहीं जाता."

तरी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी ती सुधारली. घड्याळ लावून सराव करी आणि अडलं की दातओठ खाऊन पान उलटी. घरच्या चाचण्यांत गुण चढत गेले. मावशीनं तर सुटकेसची चौकशीही करून ठेवली. मग खऱ्या परीक्षेत एक उतारा आला. पाळी संपली म्हणून एक कामगार चालू मशीन सोडून घरी जातो, मागं अपघात होतो, दोष कोणाचा? वर नियम दिलेला होता, वेळ संपली की जबाबदारी संपली. दिलेला नियम लावायचा, आपली अक्कल चालवायची नाही, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. पण त्या माणसाला निर्दोष ठरवायला तिचं पेन उठेना. ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडत बसली आणि वेळ निघून गेला. जागा अगदी थोडक्यात हुकली.

आता ती दुर्गच्याच पद्मनाभपुरात एका विमा कचेरीत काम करते. पुन्हा परीक्षा दे म्हटलं की "देखते हैं, दादा" म्हणून विषय बदलते. मावसाजी निवृत्त होऊन, प्लांटचं क्वार्टर सोडून भिलाईतच कोहक्याच्या स्वतःच्या घरी राहायला आले, त्या दिवाळीत चहा पिताना त्यांनी पहिल्यांदाच तिला विचारलं, त्या पेपरात नेमकं अडलं तरी कुठं होतं. तिनं हसत हसत सगळं सांगितलं. मीही हसलो. मावसाजी हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "अवं माय, तो कागदावरचा मानूस होता. जाऊ द्याचं होतं त्याले घरी."

ती "हो" म्हणून रिकामे कप उचलू लागली. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, हिनं आत्ता वाद घालावा.